खोटेपणाचा पहिला धडा कंपनीच देते

मूनलायटिंग, म्हणजे एका कंपनीत नोकरी करताना गुपचूप दुसरीकडेही काम करणं, ही कंपनीची फसवणूक आहे असं म्हटलं जातं. हे मत मला अर्धंच पटलं. २०२२ मध्ये विप्रो या आयटी कंपनीने प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवलं, ते करारानुसार ठीकच. पण खोटेपणाचा पहिला धडा नोकरदार शिकतो कुठे?

माझाच किस्सा. पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. क्लायंट, म्हणजे ज्याचं काम आमची कंपनी करणार होती तो ग्राहक, माझा इंटरव्ह्यू घेणार होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी मॅनेजरने माझा रेझ्युमे 'जरा पॉलिश करून' परत पाठवला. उघडून बघतो तर अनुभव चार वर्षं, आणि ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं असा एक बँकिंग प्रोजेक्ट माझ्या नावावर! रात्रभर घोकंपट्टी केली. निवडही झाली, हे सांगायला आजही लाज वाटते.

'वरून आदेश होता' ही सबब मात्र फार काळ पुरत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर स्टिअरिंग आणि वेगावरून ओळखायचं की गाडी रस्त्यावर नाही, चाचणीच्या रोलरवर आहे, आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत! त्यात सामील असलेला इंजिनिअर जेम्स लिआंग याला २०१७ मध्ये अमेरिकन कोर्टाने ४० महिन्यांची कैद ठोठावली. साहेब नव्हे, इंजिनिअर. तपासात सहकार्य केलं होतं, तरीही.

माझ्या त्या मॅनेजरला पुढे बढती मिळाली, हेही जाता जाता.