रुंदीकरणात जाणाऱ्या गल्ल्यांचे फोटो काढायचेत, सुरुवात कुठून करू?

जुनी_खडकी
नमस्कार मंडळी, मी संभाजीनगरचा, जुन्या शहरात वाढलो, आता सिडकोत राहतो पण आईवडील अजून जुन्या घरातच आहेत. आमच्या रस्त्याची मोजणी झाली आणि घरांवर लाल रंगाचं मार्किंग पडलंय, कोणाचं चार फूट जायलंय कोणाचं बारा, आणि ज्यांचं जास्त जायलंय ते म्हणायलेत की आता अर्धा वाडा ठेवून काय करायचं, सगळाच पाडून बिल्डरला देऊन टाकू. त्यांचंही चूक नाही, मातीच्या छताचं माळवद गळतंय, डागडुजीला पैसा नाही, भावाभावांत वाटण्या झालेल्या.

आपल्या शहरात मकबरा, पाणचक्की, भडकल दरवाजा यांचे फोटो लाखांनी सापडतील. पण गुलमंडीकडून सुपारी हनुमान, राजाबाजार, नवाबपुरा असं चालत जाताना लागणाऱ्या साध्या गल्ल्या, त्यातल्या गॅलऱ्या, दारामागच्या ढेलजा, पायऱ्या यांचे फोटो शोधायला गेलं तर नुसते लग्नाच्या वरातीचे व्हिडिओ निघतात. मला हे सगळं जायच्या आत नीट काढून ठेवायचंय. माझ्याकडे साधा मोबाईल आणि १८-५५ लेन्सवाला जुना डीएसएलआर आहे. गल्ली इतकी अरुंद की मागे सरकायला जागा नाही, वर वायरींचं जाळं, खाली गाड्या. काय काढू, कसं काढू, आणि काढल्यावर ठेवू कुठं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, वेळ कमी आहे.

कॅमेरा_जालना
दादा साहित्य भरपूर आहे तुमच्याकडे, नवीन काही घेऊ नका. मी जालन्यात जुन्या बाजारात असंच काढतो त्यावरून सांगतो.

मोबाईल वर तिरका करून दुसरा मजला पकडायचा नाही, भिंती मागं पडल्यासारख्या दिसतात आणि नंतर त्या फोटोवरून काहीच मोजता येत नाही. मोबाईल सरळ उभा धरायचा, ग्रिड चालू ठेवायची, आणि वरचा मजला हवा असेल तर समोरच्या घराच्या गॅलरीतून किंवा गच्चीवरून काढायचा. समोरच्याला विचारलं की बहुतेक जण वर येऊ देतात. ०.५ वाली वाईड लेन्स अगदीच जागा नसेल तरच वापरा, कडेला खांब वाकडे येतात. त्यापेक्षा मेन लेन्सने, भिंतीला समांतर चालत, दोन दोन पावलांवर एक फोटो घेत जा, प्रत्येक फोटोत मागच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग परत यायला पाहिजे. मग घरी बसून पूर्ण गल्लीची एक सलग पट्टी जोडता येते, डावी बाजू वेगळी उजवी वेगळी. माझ्या मते दहा सुंदर फोटोंपेक्षा ही एक पट्टी जास्त कामाची, कारण कोणाच्या शेजारी कोण होतं, कोणाचा ओटा किती पुढं होता, हे तिच्यातच दिसतं.

उजेडाचं म्हणाल तर कडक उन्हात अरुंद गल्लीत अर्धी भिंत पांढरी अर्धी काळी येते. आभाळ आलेल्या दिवशी काढा, नाहीतर सकाळी लवकर, शटर उघडायच्या आधी. आणि तीच गल्ली परत संध्याकाळी दुकानं चालू असताना पण काढा. वायरी, फ्लेक्स, लावलेल्या गाड्या काही पुसू नका, आत्ताची गल्ली तशीच आहे. ड्रोनच्या भानगडीत पडू नका, चिकलठाणा विमानतळ जवळ आहे, डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर झोन बघितल्याशिवाय उडवायचा नसतो.

ओसरी
वरच्या दादांनी पट्टीचं सांगितलं ते एकदम बरोबर. मी आर्किटेक्चरच्या मुलांना शिकवते, मोजमाप करायला दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वाड्यात नेते, म्हणून थोडं आतलं सांगते.

सगळे जण नक्षीचा दरवाजा काढतात. दरवाजा काढाच, पण वाडा समजतो तो त्याच्या आतल्या वाटेवरून. म्हणून फोटो चालण्याच्या क्रमाने घ्या, रस्त्यावरून पायरी, दिंडी दरवाजा, ढेलज, मग चौक, ओसरी, माजघर, देवघर, मागचं अंगण, आड. प्रत्येक ठिकाणी उभं राहून चारही भिंती आणि एक वर छताचा. छत विसरू नका बरं का, आपल्या मराठवाड्याचं माळवद हेच तर वेगळेपण आहे, खाली सागवानी खांब, त्यावर तुळया, त्यावर आडवी लाकडं आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, मधे उजेडाला सवणं म्हणजे छतातली भोकं. खालून फोटो काढला की किती खण, म्हणजे खांबाखांबांमधले गाळे, आहेत ते मोजता येतं, आणि खण कळले की वाड्याचा नकाशा अर्धा तयार झाला.

फ्रेममधे काहीतरी मापाचं ठेवायला लागतं. लाकडी पट्टीवर दर दहा सेंटिमीटरला काळा पांढरा रंग द्या, एक मीटरची पट्टी, ती भिंतीला टेकवून ठेवायची. खांबाखालच्या दगडी तळखड्यापाशी ठेवा, दाराच्या चौकटीपाशी ठेवा. कोनाडे, खुंट्या, अडसराची भोकं, भिंतीतल्या धान्याच्या बळदाचं तोंड, हे जवळून घ्या. माजघरात अंधार असतो, फ्लॅश मारला तर लाकडाचा पोत जातो, ट्रायपॉडवर ठेवून दोन सेकंदाचं एक्स्पोजर द्या, ट्रायपॉड नसला तर धान्याच्या कोठीवर कॅमेरा ठेवून टायमर लावा.

आणि पाडकाम चालू झालं की तेव्हा तर नक्की जा. जेसीबीने निम्मी भिंत काढली की उरलेल्या भिंतीचा काप समोर दिसतो, बाहेरून घडीव काळा दगड, आत गोटे आणि माती, मधे कुठं लाकडाची पट्टी घातलेली, वर चुन्याचा गिलावा. वाडा उभा असताना हे कोणालाच दिसत नाही आणि मलबा उचलला की कधीच दिसणार नाही. फक्त लांब उभे राहा, लेन्स झूम करून काढा, मोकळी भिंत कधी बसेल सांगता येत नाही.

जुनी_खडकी
ओसरी ताई, जालनेवाले दादा, मनापासून आभार. मापाची पट्टी बनवायला टाकतो. पण खरी अडचण आत शिरायची आहे. दोन घरी विचारलं तर एक म्हणाले कशाला पाहिजे फोटो, तुम्ही महापालिकेचे का. दुसऱ्या घरी धाकट्या भावाने हो म्हटलं आणि थोरल्याने गेटवरूनच परत पाठवलं.

राजाबाजारकर
बाळा, माझं वय सत्तरीच्या पुढं, सगळा जन्म याच भागात गेला, तर ऐक. लोक घाबरतात त्याला कारणं आहेत. ज्या घरात चार हिस्सेदार आणि दोन पागडीचे भाडेकरू तिथं कोणी मोबाईल काढला की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पाठवलाय. आणि दुसरी भीती अशी की फोटो काढून हे लोक घराला हेरिटेजचा शिक्का मारतील आणि मग आम्हाला वीट पण हलवता येणार नाही.

म्हणून एकटा जाऊ नको. आईला घेऊन जा. गल्लीत सगळ्या बायका तिला ओळखतात, हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या आहेत एकमेकींकडं, ती दारात उभी राहिली की चहाच होतो. पहिल्या भेटीत कॅमेरा काढायचाच नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसायचं आणि विचारायचं की काका हे कोणी बांधलं, बाळंतिणीची खोली कुठली, पाणी कुठून यायचं. बोलताना तेच उठून दाखवायला लागतात, मग त्यांना विचारून त्यांचाच फोटो त्या जागेवर काढ. आणि काढलेले फोटो छापून नेऊन दे, व्हॉट्सॲपवर पाठवून भागवू नको. एका घरी अल्बम पोचला की पुढची चार घरं आपोआप उघडतात.

एक आणखी. निजामशाहीच्या मलिक अंबरने १६१० ला खडकी, म्हणजे आपलंच हे शहर, वसवली आणि मग हर्सूलच्या बाजूने नहर आणली, त्या नहरीचं पाणी खापराच्या नळांनी हौदांपर्यंत यायचं. आमच्या लहानपणी मोहल्ल्यातले काही हौद भरलेले बघितलेत मी. रस्ता खोदला की हे खापराचे नळ मातीत वर येतात, चुन्यात बसवलेले, एकाचं तोंड दुसऱ्यात. दोन दिवस दिसतात आणि ड्रेनेजचा पाइप टाकून वर मुरूम पडला की संपलं. खोदकाम दिसलं की पळत जा आणि काढ, कुठल्या घरासमोर, किती खोल, ते लिही. वाड्यांचं कोणीतरी काहीतरी लिहील, नहरीचं राहून जाईल असं मला फार वाटतं.

ओसरी
काकांनी फार मोलाचं सांगितलं. हेरिटेजच्या भीतीबद्दल घरमालकांना स्पष्ट सांगा, कोणी फोटो काढल्याने घर यादीत जात नाही, त्याची महापालिकेची वेगळी प्रक्रिया असते, हरकती मागवतात. १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीने, हा नियम पुरातत्त्व खात्याच्या केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवतीचा आहे, प्रत्येक जुन्या घराचा नाही. उलट मालकाचा फायदाच आहे, रस्त्यात गेलेल्या जागेच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जागेवर किती बांधता येतं त्याची मुभा) घेताना आधीच्या बांधकामाचे तारखेसह फोटो हाताशी असले तर बरंच.

गंजगोलाई
लातूरहून बोलतोय. तुमच्याकडं निदान मार्किंग करून मग पाडायलेत, आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणपती विसर्जन करून लोक झोपलेले आणि किल्लारी भागातली गावंच्या गावं गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, तेच अंगावर आलं. जिथं घरं पडली नाहीत तिथंही लोकांनी भीतीने माळवदं उतरवून पत्रे टाकले, माझ्या आजोळी वरचा मजला असाच उतरवला. कोणी फोटो काढायच्या मनःस्थितीत नव्हतं आणि कोणी काढायला पाहिजे होते असंही मी म्हणणार नाही, माणसं गेली होती.

पण पुढं आजोळच्या वाड्याचा नकाशा जुळवायला बसलो तेव्हा उपयोगी पडले ते लग्नाचे अल्बम. मामाच्या लग्नात मांडव चौकातच, त्यामुळे मागं ओसरीचे खांब, देवळी, जिन्याची सुरुवात सगळं आलेलं. मुंज, बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण, प्रत्येक अल्बममधे घराचा एकेक कोपरा निघाला. तर भाऊ, नवे फोटो काढताना प्रत्येक घरी जुना अल्बम मागा. घरी न्यायला मागू नका, कोणी देत नाही आणि द्यायलाही नको, तिथंच दारात सावलीत टेबलावर ठेवून वरून सरळ फोटो घ्या, फ्लॅश बंद. पाठीमागं काही लिहिलेलं असतं, स्टुडिओचा शिक्का असतो, तेही घ्या. आणि मग जमलं तर त्याच जागी उभं राहून आजचा फोटो. माझ्या आजीला चष्म्यातूनही धड दिसत नाही आता पण मांडवाचा फोटो हातात दिला की बोटाने दाखवते, इथं तुळस, इथं जातं.

नांदेड_पूर्व
आमच्याकडं २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी गुरुद्वारा परिसरातले रस्ते मोठे झाले. आता मुलांना जुनी गल्ली दाखवायची म्हटलं तर फोटो असतात पण कुठून कुठं बघून काढलाय तेच कळत नाही. म्हणून प्रत्येक फोटोला जागा, दिशा, तारीख लिहा. सिटी सर्व्हे नंबर मिळाला तर तो लिहा, घर पडलं, मालक बदलला, तरी त्या नंबरवरून जागा सापडते. लोकेशन चालू ठेवून काढा आणि मूळ फाइल कधीही व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होते आणि लोकेशनही उडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

संदर्भ_पेटी
हे काम बाहेरही लोकांनी केलंय. पॅरिसमध्ये १८६०च्या दशकात मोठे रस्ते काढायला जुन्या गल्ल्या पाडल्या तेव्हा शहराने शार्ल मार्विल या फोटोग्राफरला त्या आधी काढून ठेवायला सांगितलं, सव्वाचारशेच्या आसपास फोटो आहेत. ग्लासगोत थॉमस अॅननने १८६८ ते ७१ मध्ये गरीब वस्तीतल्या गल्ल्या काढल्या. पण मला तुमच्या कामाच्या जवळचं वाटतं ते लंडनचं, तिथं १८७५ मध्ये ऑक्सफर्ड आर्म्स नावाची जुनी सराई पडणार म्हणून काही लोकांनी स्वतःहून फोटो काढून घेतले आणि त्यातून जुन्या लंडनच्या फोटोंची संस्थाच उभी राहिली, १८८६ पर्यंत १२० फोटो केले. ते छापले कार्बन प्रिंटमध्ये, कारण साधे प्रिंट फिके पडतात हे त्यांना माहीत होतं. दीडशे वर्षं होत आली, अजून स्वच्छ दिसतात.

म्हणून ठेवण्याचा विचार आत्ताच करा. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावी नातेवाईकाकडं. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतींचे फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसाठ्यावर टाका, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये वास्तूच्या फोटोला मोकळीक आहे. घराच्या आतले मात्र मालकाच्या लेखी होकाराशिवाय कुठंच टाकू नका, देवघर आणि तिजोरीची खोली तर अजिबातच नाही. आणि निवडक पन्नासेक फोटो चांगल्या कागदावर छापून मागं पेन्सिलीने माहिती लिहून जवळच्या ग्रंथालयाला द्या.

जुनी_खडकी
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईशी बोललो, ती तयार आहे, उलट कोणाकडं आधी जायचं याची यादी तिनेच सांगितली. आमच्या ओळीत एका वाड्याचे सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला ठरलेत, तो या आठवड्यात उतरवणार, त्यामुळे तिथून सुरुवात करतो. ओसरी ताई, खांब उतरवायच्या आधी त्याचे सांधे कसे काढायचे?

ओसरी
खांब आणि तुळईच्या मधला नक्षीचा भाग दोन्ही बाजूंनी आणि खालून घे, पट्टी लावून. उतरवताना तिथंच थांब, खांबाच्या डोक्यावरची कूस (खाचेत बसणारं टोक) आणि तुळईतलं खाचेचं भोक सुटं झाल्यावरच दिसतं, व्यापाऱ्याला दोन मिनिटं थांबायला सांग, थांबतात ते. काही खांबांवर सुताराच्या खुणा कोरलेल्या असतात, कुठला खांब कुठं बसवायचा त्याच्या, त्या बॅटरी आडवी धरून शोध. दिवस कळव, माझ्याकडची तीन चार मुलं टेप आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊन येतील, फक्त मालकांना आधी विचारून ठेव की किती जण येणार आहोत.