एम ३४०आय विकून एम २ कुपे घ्यावी का? (पुणे, घरात एकच गाडी)

सहा_सिलिंडर:
आत्ताची गाडी बीएमडब्ल्यू एम ३४०आय, २०२१ चं मॉडेल, एमएच १२, रनिंग ४१,०००. वाढवून घेतलेली वॉरंटी पुढच्या वर्षी संपते. डोळ्यासमोर नवी एम २ कुपे आहे, ऑटोमॅटिक. घरात माणसं तीन, त्यातलं एक सहा वर्षांचं. दुसरी गाडी नाही आणि ठेवायला जागाही नाही. रोज बाणेर ते खराडी, महिन्यातून दोनदा ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वर. पैसे ताणून बसतात. "मनाला वाटेल ते करा" सोडून काहीही सांगा.

हिशेबी_कोथरूडकर:
करापासून सुरुवात करू, कारण शोरूमवाला तो सगळ्यात शेवटी सांगतो. तुमची ३४०आय चेन्नईत जुळणी झालेली. एम २ मात्र पूर्ण तयार होऊन मेक्सिकोहून येते, म्हणजे सीबीयू. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे, पण आयात गाडीला सरसकट २० टक्के. एक्स-शोरूम १ कोटी धरलं तर एकीकडे १३ लाख, दुसरीकडे २० लाख. हा ७ लाखांचा फरक गाडीच्या एकाही नटबोल्टमध्ये दिसणार नाही आणि विकताना कोणी परतही देणार नाही. वर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर) लागतो, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, त्यामुळे तो खर्चात धरू नका. कंपनीच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर कर तिथेही २०च टक्के.

आता विमा. आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी उतरते, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्क्यांनी. सगळ्यात मोठी घसरण तुमची गाडी सोसून बसली आहे. आता ती विकायची म्हणजे जिना उतरून खाली आलात आणि पुन्हा वरच्या मजल्यावर जाऊन बसलात. घेतलीच तर 'रिटर्न टू इनव्हॉइस' (बिलाची पूर्ण रक्कम देणारं विमा-कवच) घ्या. ते नसेल आणि गाडी चोरीला गेली, तर हाती फक्त आयडीव्ही येते, रोड टॅक्स बुडतो.

माझं मत: नको.

मागची_चाकं:
हिशेबींचा हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात गाडी कुठे दिसत नाही.

३४०आय ही वेगवान सेदान आहे. एम २ वेगळ्या कामाची आहे. कुपे म्हणजे हलकी असा समज असेल तर आधी तो काढून टाका, एम २ १,७०० किलोच्या घरात आहे आणि ३४०आयपेक्षा हलकी अजिबात नाही. फरक मांडणीत आहे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या धुरींमधलं अंतर) २,७४७ मिलिमीटर, ३४०आयचा २,८५१. चालना फक्त मागच्या चाकांना. पुढचे टायर २७५ रुंदीचे, ३४०आयला २२५. पुढच्या चाकांना ओढायचं काम नसल्यामुळे ती फक्त वळतात, आणि हे ताम्हिणीच्या दुसऱ्या गिअरच्या वळणात ५० च्या वेगालाही हाताला कळतं. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) दहा पायऱ्यांत कमी-जास्त होतं. इंजिन ३४०आयचं बी५८ नाही, एस५८ आहे: दोन टर्बो, ७,२०० आरपीएमपर्यंत फिरणारं. २०२४ च्या सुधारणेनंतर ताकद ४८० पीएस (अश्वशक्ती).

"एवढी ताकद वापरणार कुठे" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा १००, बोरघाटात ६०, वर कॅमेरे. म्हणजे ३४०आयचे ३८७ पीएससुद्धा तिथे जास्तच आहेत. ताकदीसाठी बदलायची असेल तर बदलू नका. स्टिअरिंग आणि मागच्या धुरीसाठी असेल तर आत्ताच बदला, पेट्रोलवर अशा गाड्या फार वर्षं मिळणार नाहीत.

गतिरोधक_तज्ज्ञ:
वरच्या प्रतिसादात पुण्याचे रस्ते कुठे आले नाहीत. मी भूमिती मांडतो.

आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा असायला हवा. अशा गतिरोधकावर गाडी मधोमध आली की दोन्ही धुऱ्या चढावरच असतात. एम २ च्या व्हीलबेसला पोटाखालची जागा साडेपाच सेंटिमीटर खाल्ली जाते, ३४०आयला सहा. म्हणजे मानकाप्रमाणे बांधला असेल तर दोन्ही गाड्या बिनघोर जातात, आणि एम २ तर अर्धा सेंटिमीटर जास्त सुखात.

पण सोसायटीच्या दारात डांबराचा जो ढिगारा असतो तो १० सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ४० सेंटिमीटर रुंद. पुढची चाकं उतरली, मागची अजून आलेली नाहीत, आणि पोटाखाली अख्खे १० सेंटिमीटर उभे. व्हीलबेस आखूड असल्याचा इथे काही उपयोग नाही. त्यात चार माणसं, बॅगा आणि भरलेली टाकी म्हटलं की मागचं सस्पेन्शन दबतं. हे बाणेर ते खराडी रोज दोन वेळा.

पावसाळ्याचंही सांगतो. २८५ रुंदीचा मागचा टायर पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. खाच ३ मिलिमीटरवर आली की जूनच्या आधी बदला, कायद्याच्या १.६ मिलिमीटरची वाट बघू नका.

मागची_चाकं:
ढिगारा तिरका ओलांडायचा असतो, एका वेळी एकच चाक चढवत. ही काही गुप्त विद्या नाही. आणि पुढचा ओठ घासला तरी ते प्लास्टिक आहे, खालची अंडरट्रे स्क्रूंवर असते. खरं नुकसान रिम वाकण्याचं आणि टायरला फुगा येण्याचं. त्यात ३४०आयचे रनफ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर) जास्त बदनाम आहेत: बाजूची भिंत जाड आणि कडक, खड्ड्याचा मार ती जिरवत नाही, सरळ रिमला देते. एम गाड्यांवर रनफ्लॅट नसतात.

शिवाय ३४०आयला चालना चारही चाकांना आहे, बीएमडब्ल्यू त्याला एक्सड्राइव्ह म्हणते. एक टायर कापला गेला तर एक्सड्राइव्हमध्ये नुसता तोच बदलून भागत नाही. नव्या-जुन्या टायरचा घेर वेगळा झाला की पुढच्या आणि मागच्या धुरीचा वेग जुळत नाही, आणि ट्रान्सफर केसमधला (ताकद पुढे-मागे वाटणारा भाग) क्लच सतत घसरत, तापत राहतो. एम २ ला धुरीवरची जोडी बदलली की काम संपलं.

नट_बोल्ट_भोसरी:
टायरबद्दल वरचे बरोबर बोलले, पण तो मुद्दा गाडी विकण्याचा नाही, टायर बदलण्याचा आहे. सहा_सिलिंडर, तुमची गाडी अजून रनफ्लॅटवर असेल तर निम्मी कुरकुर तिथूनच येते. चारही साधे टायर बसवा, साइडवॉलवर बीएमडब्ल्यूची चांदणी असलेले, म्हणजे पुढच्या-मागच्या घेराचं गणित कंपनीने जुळवलेलं असतं. स्टेपनी नाही आणि ठेवायला खळगाही नाही, म्हणून डिकीत कॉम्प्रेसर आणि पंक्चरच्या वाती ठेवा. रनफ्लॅट हवा गेल्यावर ८० च्या वेगाने ८० किलोमीटर नेतो, ती सोय जाते, हे घरच्यांना आधी सांगा.

गाडी ठेवायची ठरली तर ४१,००० ते ८०,००० मध्ये हे बघा:

ऑइल फिल्टर हाउसिंगचा गॅस्केट. बी५८ मध्ये तेल आणि कूलंट दोन्ही त्यातूनच जातं. कूलंट गुपचूप कमी होतंय आणि खाली डाग नाही, तर आधी तिथे टॉर्च मारा. टाकीत नुसतं ओतत राहणं हा उपाय नाही.

गिअरबॉक्सचं तेल. कंपनी म्हणते आयुष्यभर चालतं, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ म्हणते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं. पुण्याच्या रांगेत पहिला-दुसरा-पहिला करणाऱ्या गाडीला मी ८०,००० च धरेन. फिल्टर प्लास्टिकच्या तळातच असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो, नुसतं तेल नाही. तेल भरताना त्याचं तापमान ठरलेल्या टप्प्यात हवं, नाहीतर पातळी चुकते आणि थंड गाडीत गिअर झटके देतो.

ट्रान्सफर केसचं तेल. पार्किंगमध्ये पूर्ण वळवून हळू निघताना गाडी थरथरत असेल तर टायरचा घेर आणि हे तेल, दोन्ही तपासा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, घाट असेल तर चालढकल नको. इंजिन ऑइल साडेसहा लिटर. स्क्रीनवरचा आकडा काहीही म्हणो, १०,००० च्या पुढे नेऊ नका.

हे सगळं मिळून एम २ च्या नुसत्या जादा रोड टॅक्सपेक्षा बरंच स्वस्त पडतं. वॉरंटी मात्र संपायच्या आधी वाढवा. संपल्यावर गाडीची तपासणी लावतात, आणि मग अटी सुरू होतात.

स्टेज_एक:
कुपे कशाला? ३४०आयला ट्यून मारा (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदला), एम २ च्या मागे लागाल. १०० ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात मिळतंच.

नट_बोल्ट_भोसरी:
२०२० च्या मध्यानंतरच्या बीएमडब्ल्यूचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कुलूपबंद येतो, तो आधी उघडून घ्यावा लागतो. वॉरंटी त्याच दिवशी गेली. विमा कंपनीला कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी वाद. आणि १०० ऑक्टेनवर बांधलेल्या ट्यूनमध्ये वाईजवळच्या एखाद्या पंपावर साधं पेट्रोल पडलं की इंजिन ठिणगीची वेळ मागे खेचतं, ज्या ताकदीचे पैसे भरले ती तिथेच संपते. शिवाय स्टिअरिंग ट्यूनने बदलत नाही, आणि मागची_चाकं यांचा मुद्दा तोच होता.

पार्किंगचा_पहारेकरी:
दोन दारांबद्दल कोणी बोललं नाही. कमाल आहे.

एम २ ची रुंदी १,८८७ मिलिमीटर, ३४०आयची १,८२७. अडीच मीटरच्या खुणेत एम २ मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना जेमतेम ३० सेंटिमीटर. रुंदीचा फरक सहाच सेंटिमीटर, पण कुपेचं दार लांब असतं, तेवढ्याच फटीतून बाहेर पडायला ते जास्त उघडावं लागतं. शेजारी खांब असेल तर तुम्ही डिकीतून उतरणार का? मेकॅनिकल पार्किंग असेल तर पॅलेटच्या दोन कडांमधली मोकळी जागा टेपने मोजा, बिल्डरच्या कागदावर विसंबू नका.

सहा वर्षांचं मूल म्हणजे बूस्टर सीट. ती मागे बसते, आयसोफिक्स (मुलांची सीट अडकवायचे हुक) आहे. पण रोज सकाळी पुढचं सीट सरकवायचं, वाकून आत शिरायचं, पट्टा लावायचा, आणि मागे शाळेच्या बसचा हॉर्न. आजी-आजोबा आले तर मागे बसवून बघाच. डिकी ३९० लिटर, सेदानची ४८०.

बारीक गोष्ट: कुपेच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच थोडी खाली येते, बंद झाल्यावर वर जाते. बॅटरी पूर्ण उतरली तर काच खाली येत नाही, आणि जोर लावून दार बंद केलं तर रबर फाटतं. महिनाभर गावाला जाणार असाल तर मेंटेनन्स चार्जर लावून जा.

मागची_चाकं:
हा मुद्दा मान्य. घरात दुसरी गाडी नाही हे मी नीट वाचलं नव्हतं. साधी हॅचबॅक घरात असती तर माझं मत बदललं नसतं.

तरी एक मार्ग उरतो. २०२३ ची, पहिल्या मालकाची एम २. पहिली घसरण दुसऱ्याने सोसलेली आणि रोड टॅक्स भरलेला, म्हणजे हिशेबींचे दोन्ही आक्षेप गळतात. गाडी महाराष्ट्रातलीच बघा. बाहेरची घेतली तर एनओसी, इथे पुन्हा कर आणि तिथल्या आरटीओकडून परतावा मिळवण्याची वारी. कागदांत एकच पान आधी शोधा: २,००० किलोमीटरची रनिंग-इन सर्व्हिस. त्यात इंजिन आणि मागच्या डिफरन्शिअलचं तेल बदलतात. त्या टप्प्यापर्यंत इंजिन ५,५०० आरपीएमच्या वर न्यायचं नसतं. ती नोंद नसेल किंवा ३,५०० ला झाली असेल तर किंमत कितीही आकर्षक असो, पुढे चला.

हिशेबी_कोथरूडकर:
जुनी एम २ असेल तर माझा विरोध निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने.

विकायचं ठरलंच तर आधी विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट असते. ती गाडीची नाही, तुमची असते, आणि पत्र तीन वर्षं चालतं. पत्र न घेता पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर करून टाकली की मग धावाधाव.

सहा_सिलिंडर:
टायर अजून मूळचे रनफ्लॅटच आहेत. आधी ते बदलतो. एम २ ची टेस्ट ड्राइव्ह शनिवारसाठी मागितली आहे. शोरूमवाले बाणेर रस्त्यावरून एक चक्कर म्हणतात.

गतिरोधक_तज्ज्ञ:
चक्कर नको, गाडी सोसायटीत आणायला सांगा. मागे दोन माणसं बसवून तळघराचा रॅम्प उतरा आणि चढा. रॅम्प संपून सपाटी सुरू होते त्या कोपऱ्यावर पोट टेकतं का, हे कोणाला तरी बाहेर वाकून बघायला लावा. मग तुमच्याच खुणेत लावा, दोन्ही शेजारच्या गाड्या जागेवर असताना. शनिवारी सकाळी आठच्या आत बोलवा, नंतर शेजारी बाहेर पडतात.

पार्किंगचा_पहारेकरी:
आणि बूस्टर सीट बरोबर घ्या. मुलासकट.