सॅबोटाज : यंत्रात बूट फेकला कोणी?

शब्दवेल्हाळ : कालच्या लेखात पुन्हा तीच कथा आली, की फ्रान्समधल्या लिओं शहराच्या विणकरांनी पायांतले 'साबो', म्हणजे लाकडी बूट, जकारच्या यांत्रिक मागांत फेकले आणि त्यातून 'सॅबोटाज', म्हणजे मराठीत 'घातपात', हा शब्द जन्मला. या कथेला समकालीन पुरावा नाही. फ्रेंचमध्ये 'साबोते' म्हणजे साबो घालून खडखडाट करत चालणे, आणि त्यावरूनच काम कसेबसे उरकून बिघडवणे. १८९७ साली तुलूझच्या कामगार परिषदेत फ्रेंच कामगार चळवळीतले एमिल पूजे यांनी हाच अर्थ लढ्याचे हत्यार म्हणून मांडला : मजुरी वाईट, तर कामही वाईट. इंग्रजीत हा शब्द रुळला तो १९१०च्या फ्रेंच रेल्वे संपाच्या सुमारास.

कथेकरी : लेख माझाच होता. लिओंच्या विणकरांनी १८३१ साली बंड केले, हे तरी आपणांस मान्य आहे ना? इंग्लंडात लडाइट म्हणवणाऱ्या कामगारांनी यंत्रे फोडली, हेही खरे. मग एखाद्याने बूट फेकलाच नसेल, हे आपण कोणत्या आधारावर सांगता?

शब्दवेल्हाळ : बूट फेकलाही असेल, पण त्या बुटापासून शब्दापर्यंतची वाट दाखवण्याची जबाबदारी आपली आहे, माझी नव्हे.

साचेखाते : माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. नुसता धोटा, म्हणजे आडवे सूत नेणारी नळी, मध्येच अडकला तरी उभे धागे तटातट तुटत, ते एकेक करून सांधण्यात तास जाई, आणि मजुरी कापडाच्या वारावर असल्याने तो तास त्यांच्याच पगारातून कापला जाई. साच्यात जोडा टाकणारा विणकर आधी स्वतःच्या पोटावर पाय देतो, हे कथाकारांना कोणी सांगावे? सूत निकृष्ट म्हणून साचा धिमा चालवला, तेव्हा मात्र त्यांच्या हाती 'घातपाता'ची नोटीस पडली. तो कागद अजून घरच्या ट्रंकेत आहे.

मुद्रितशोधक : माझा राग नेमका त्या 'घातपात' शब्दावर आहे. तो वाचताच मराठी वाचकाला उडवलेला पूल आणि उखडलेले रूळ दिसतात. पूजे यांच्या कल्पनेतले मुद्दाम धिमे, मुद्दाम बिघडवलेले काम त्यात कुठेच बसत नाही. मी तीस वर्षे 'कामबिघाड' सुचवत आलो आणि तीस वर्षे तो खोडला गेला.

कथेकरी : 'कामबिघाड' ऐकून लोक वायरमनला बोलावतील.

मुद्रितशोधक : थट्टा सोपी असते. या एका शब्दाने साचेखात्यातल्या माणसाला बॉम्बवाल्यांच्या रांगेत बसवले, त्याचे आपणांस काहीच वाटत नाही?

शब्दवेल्हाळ : इंग्रजीतही शब्द पुढे तसाच भडकला, विशेषतः महायुद्धांच्या काळात, त्यामुळे युद्धाच्या बातमीत 'घातपात' चुकीचा नाही. गिरणीच्या नोटिशीत तो चुकीचा होता, एवढे मात्र मी नाइलाजाने मान्य करतो.

कथेकरी : ठीक आहे, बूट मी परत घेतो, दोन्ही पायांतले. साचेखाते यांनी मात्र त्या नोटिशीतला मजकूर इथे उतरवावा. माझ्या कथेपेक्षा तो नक्कीच वाचनीय असेल.

साचेखाते : वडिलांना विचारून सांगतो. ते अजून त्या विषयावर बोलत नाहीत.