त्रिमितीय गोलावरील ‘बी’ हे नेमके कशावरचे कनेक्शन?

प्रश्न:
त्रिमितीय एकक गोलाचे, म्हणजे चार मितींच्या अवकाशातील एकक गोलाच्या पृष्ठाचे, घनफळ २ पाय-वर्ग आहे. म्हणून घनफळाच्या फॉर्मला पायने भागून तीन-फॉर्म (तीन मितींवर संकलन करता येईल अशी राशी) ‘एच’ घेतला, तर त्याचे संकलन २ पाय येते. उत्तर व दक्षिण गोलार्ध थोडे वाढवून घेतले, की प्रत्येकावर एच हा एका दोन-फॉर्मचे, म्हणजे ‘बी’चे, बाह्य विकलन म्हणून लिहिता येतो. सामाईक पट्ट्यावर दोन्ही बींमधील फरक एखाद्या एक-फॉर्मचे विकलन असेल अशी माझी अपेक्षा होती, पण तसा एक-फॉर्म सापडत नाही. मग बी हे कशावरचे कनेक्शन (तुकड्यातुकड्यांवर दिलेला, वाहून नेण्याचा नियम) समजायचे?

उत्तर १:
तो सापडणारच नाही. स्टोक्सच्या प्रमेयानुसार विषुववृत्तीय द्विमितीय गोलावर त्या फरकाचे संकलन २ पाय आहे, आणि बंदिस्त पृष्ठावर सर्वत्र परिभाषित असलेल्या एक-फॉर्मच्या विकलनाचे संकलन शून्यच असते. मात्र ही २ पाय ओळखीची आहे: हॉप्फ बंडलवरील (द्विमितीय गोलाच्या प्रत्येक बिंदूवर एक वर्तुळ बसवून त्रिमितीय गोल बनवणाऱ्या रचनेवरील) कनेक्शनची वक्रता, चिन्हाचा संकेत सोडला तर, हेच संकलन देते, आणि डिरॅकने १९३१ मध्ये मांडलेल्या चुंबकीय एकध्रुवामागेही तेच बंडल आहे. म्हणजे येथे दोन तुकडे एखाद्या फलाने नव्हे, तर कनेक्शनसह एका अख्ख्या यू(१) प्रिन्सिपल बंडलने, म्हणजे अशाच वर्तुळांच्या बंडलने, जोडलेले आहेत. या रचनेला जर्ब म्हणतात, आणि बी हा तिच्या कनेक्शनचा भाग आहे. एचला कोणत्याही पूर्णांकाने गुणले तरी चालते. अर्ध्याने गुणले, तर पट्ट्यावर हवे ते बंडलच अस्तित्वात नसते.

उत्तर २:
एक पुरवणी. गोल झाकणारे दोनच संच (वाढवलेले गोलार्ध) असल्यामुळे वर एवढ्यावर निभावले. तीन संच एकत्र येतात तेथे तीन बंडलांच्या गुणाकाराचे क्षुल्लकीकरण (तो साध्या, पीळ नसलेल्या बंडलाशी जुळवण्याची रीत) द्यावे लागते, आणि चार संचांच्या छेदावर ती क्षुल्लकीकरणे परस्परांशी जुळावी लागतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. यू(१) च्या जागी एसयू(२) घेतला तर?

उत्तर २:
बीचे संकलन पृष्ठांवर होते. पृष्ठाचे तुकडे आडवे आणि उभे असे दोन्ही प्रकारे जोडता येतात, व दोन्ही क्रमांनी उत्तर एकच यावे एवढी अट घातली, की एकमन-हिल्टन युक्तिवादाने गट क्रमनिरपेक्ष ठरतो; एसयू(२) तसा नाही. त्यामुळे वाटांसाठी एक गट, पृष्ठांसाठी दुसरा, आणि दुसऱ्याकडून पहिल्याकडे जाणारा होमोमॉर्फिझम, असा क्रॉस्ड मॉड्यूल घ्यावा लागतो. शिवाय वाटांसाठीचे कनेक्शन असलेल्या एक-फॉर्म ‘ए’ची वक्रता त्या होमोमॉर्फिझमखालील बीच्या प्रतिमेइतकी असावी लागते. ही अट मला तरी जाचक वाटते: दोन्ही गट एकच आणि होमोमॉर्फिझम तादात्म्य असेल, तर बी म्हणजे एची वक्रताच, आणि बियांकी समीकरणाने तीन-फॉर्म वक्रता शून्य होते.