‘वाइल्ड गूज चेस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
एका इंग्रजी पोलीसकथेचा अनुवाद करताना मी अडलो आहे. निनावी फोनवर विसंबून पोलीस तीन दिवस बंदरावरची गोदामे धुंडाळतात आणि हाती काहीच लागत नाही, याला लेखकाने ‘वाइल्ड गूज चेस’ म्हटले आहे. मी ‘रानहंसाचा पाठलाग’ असे लिहिले, पण त्यातून वाचकाला काहीच बोध होत नाही. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ चालेल का?

प्रतिसाद १
नाही चालणार, कारण पालथ्या घड्यात दोष ऐकणाऱ्याचा असतो. ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ यात निदान उंदीर तरी हाती येतो. मला ‘हेलपाटा’ जवळचा वाटतो. ‘साहेब आज नाहीत, उद्या या’ हे ऐकून ज्याने भर उन्हात परतीची एसटी धरली आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद २
हंस मात्र नक्की काढा. आपल्याकडे हंस म्हटले की नीरक्षीरविवेकच आठवतो. इंग्रजीतला ‘गूज’ म्हणजे कादंब. हिवाळ्यात उजनीच्या काठी पट्टकादंब उतरतात. कितीही दबकत गेले तरी एखादा पक्षी मान उंचावतो आणि बघता बघता सगळा थवा उठून पलीकडच्या काठाला जातो. तरीही या वाक्प्रचाराचे मूळ शिकारीत नसून घोडदौडीत असल्याचे मानले जाते. १६व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अशी एक शर्यत होती, की पुढचा स्वार मन मानेल तिकडे घोडा वळवी आणि मागच्यांना ठरावीक अंतर राखून त्याच्याच वाटेने जावे लागे. ती रांग उडत्या थव्यासारखी दिसे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये मर्क्युशिओ शाब्दिक चढाओढीला हेच नाव देतो, ते या शर्यतीवरूनच. निष्फळ शोधाचा अर्थ पुढे रूढ झाला.

प्रतिसाद ३
हेलपाट्यात कुठे आणि कशासाठी जायचे ते पक्के असते, केवळ काम होत नाही. येथे शोधायची वस्तूच तिथे नाही, शिवाय कोणीतरी मुद्दाम दिशाभूल केली आहे. म्हणून वाक्प्रचाराला वाक्प्रचार शोधण्याचा आग्रह सोडून ‘वणवण’ घ्यावी आणि क्रियापद ‘फिरवणे’ ठेवावे, म्हणजे फिरवणाराही वाक्यात राहतो.

प्रश्नकर्ता
पटले. आता वाक्य असे केले आहे: ‘त्या एका फोनने पोलिसांना तीन दिवस गोदामागोदामांतून नुसते वणवण फिरवले.’