परक्या गावात पैसे देताना : तुमचे अनुभव सांगा

प्रवासवर्णनांत देवळं, राजवाडे, बर्फ सगळं भरभरून येतं. इथे मला ते नकोय. आशियातल्या कुठल्याही शहरात तुम्ही भाजी, चहा, तिकीट, चप्पल असलं काही विकत घेतलं असेल, तर पैसे देताना काय घडलं तेवढंच लिहा. फसला असाल तर जरूर लिहा. सुरुवात मीच करते.

हनोई, 2023. जुन्या हनोईतल्या गल्ल्यांना धंद्यांची नावं आहेत. हांग बाक चांदीची, हांग मा पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची. आपल्या पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी, तसंच. सकाळी साडेसातला एका टोप्यांच्या दुकानात शिरले. त्या निमुळत्या, पानांच्या टोप्या. चार-पाच डोक्यावर चढवून पाहिल्या, भाव निम्म्यावर आणला आणि खुणेनंच 'नंतर येते' सांगून निघाले. मागे वळून बघते तर बाईने कागदाचा बोळा पेटवलेला, आणि तो उंबऱ्यापाशी ओवाळल्यासारखा फिरवतेय! हॉटेलातल्या मुलीला विचारलं तर ती आधी पोट धरून हसली. मी त्या बाईची भवानी बिघडवली होती. पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हाताने गेलं की दिवस वाईट जातो, म्हणून कागद जाळून ती पीडा घालवायची. माझ्या आजोळी किराण्याचं दुकान होतं, मामा सकाळी उधारीवाल्याला पायरी चढू देत नसे. मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या पुढे गेले आणि सांगेल त्या भावाला टोपी घेतली.

त्याच रात्री टॅक्सीत वीस हजार डाँग समजून पाच लाखांची नोट दिली. दोन्ही निळ्या! ड्रायव्हर भलताच नम्र वाटला होता, तो का ते खोलीवर आल्यावर कळलं. दीड हजार रुपयांच्या वर फटका.

———

नोटांवरून आठवलं. आम्ही 2019 मध्ये काठमांडूला गेलो. खिशात पाचशेच्या कोऱ्या नोटा, 'नेपाळात आपले पैसे चालतात' ह्या भरवशावर. आदल्याच डिसेंबरात नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातलेली. असन बाजारात टिमूर घ्यायला थांबलो (आपल्या त्रिफळाची बहीण, जीभ तशीच झिणझिणते). दुकानदार म्हणाला 'तीनशे'. मी म्हटलं 'आयसी की एनसी?' हा प्रश्न तिथे पहिल्या तासातच शिकावा लागतो. आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी त्यांचे. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ, हा दर ठरलेला. एनसी होते, तरी पाचशेची नोट पाहून त्याने हात मागे घेतला. शेवटी सासूबाईंनी कनवटी सोडली. दहा, वीस, पन्नासच्या मळक्या नोटा मोजून दिल्या आणि उरलेला प्रवासभर आमच्या अर्थमंत्री झाल्या. शनिवारी अर्धा बाजार बंद, कारण तेव्हा सुट्टी शनिवारची. रविवारी सगळे कामावर.

———

सिंगापूर. जेवायच्या वेळी हॉकर सेंटरमध्ये टेबल धरायचं तर त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जायचं. कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. कॉफी मात्र शिकावी लागली : नुसतं 'कोपी' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क येतं, 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची, 'कोपी ओ कोसाँग' म्हणजे साखरही नाही. मधुमेहींनी शेवटचं पाठ करून जावं.

———

दुबईत धाकटीच्या लग्नाचं सोनं घ्यायला गेले होते. बर दुबईहून देऱ्याला होडीने गेलो, अब्रा म्हणतात. माणशी एक दिरहम. नाणी प्रवाशांच्या हातोहात होडीवाल्यापर्यंत पोचतात, डोंबिवलीच्या शेअर रिक्षात पोचतात तशी. सोन्याच्या बाजारात मी नेहमीच्या सवयीने भाव पाडायला लागले तर सेल्समनने भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. दिवसाचा दर तो दर, त्यात कुणी काही करत नाही. घासाघीस करायची ती घडणावळीवर. मग मी खुर्ची ओढून बसले. दोन चहा झाले, एकदा उठून दारापर्यंत जाऊन आले. घडणावळ निम्मी केली. ह्यांनी बाहेर उभं राहून तीन सिगरेटी ओढल्या.

———

तेहरान, वीसेक वर्षांपूर्वी, कंपनीच्या कामासाठी. नोटेवर रियाल छापलेले, माणसं बोलणार तोमानमध्ये, म्हणजे एक शून्य कमी. हे दोन दिवसांत जमतं. जमत नाही ते तआरोफ, म्हणजे तिथला बोलण्यातला शिष्टाचार.

घराशेजारी संगकची भट्टी होती. हातभर लांब पोळी तापलेल्या खड्यांवर भाजतात, ती हातात घेतली की चिकटलेले खडे आपणच झाडायचे, नाहीतर दात जातो. पहिल्या दिवशी मी पैसे काढले तर भट्टीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, 'घाबेल नदारे'. साधारण अर्थ, तुमच्यापुढे ह्याची काय किंमत. मला वाटलं, परदेशी पाहुणा म्हणून देतोय. गहिवरून, येत होती तेवढी सगळी फारसी वापरून त्याचे आभार मानले आणि रोटी काखेत मारून घरी आलो. घरमालकांना कौतुकाने सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. ते नुसतं म्हणायचं असतं! आपण आग्रह करायचा, त्याने पुन्हा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचे. आपल्याकडे आहेराचं पाकीट 'कशाला, कशाला' म्हणत खिशात जातं, तेच. संध्याकाळी पैसे द्यायला गेलो तर गृहस्थ पुन्हा दोनदा 'घाबेल नदारे'! मी घाम फुटेपर्यंत आग्रह केला तेव्हा घेतले.

———

मी तैपेईत दोन वर्षं होते. तिथे दुकानाची पावतीच लॉटरीचं तिकीट असते. प्रत्येक पावतीवर आठ आकडी नंबर, दर दोन महिन्यांनी 25 तारखेला सोडत. दुकानदाराने विक्री लपवू नये म्हणून सरकारने 1951 पासून काढलेली ही युक्ती. गिऱ्हाईकच पावती मागतं! शेवटचे तीन आकडे जुळले तरी दोनशे तैवानी डॉलर मिळतात. आमच्या लॅबमधली मुलं पाण्याची एकेक बाटली वेगळी घ्यायची, पावत्या जास्त व्हाव्यात म्हणून. मी बिस्किटांच्या डब्यात साठवायचे. परत आल्यावर नाशिकला सामान उपसताना तो डबा निघाला, आणि गंमत म्हणून नंबर ताडून पाहिले. दोनशेची दोन बक्षिसं लागलेली. मुदत मागच्या आठवड्यात संपली होती.