चिकन डंपलिंग, चकोल्या, वरणफळं: तुमच्याकडे काय शिजतं?

घरात सगळेच सर्दीने आडवे झाले की तुम्ही काय करता? अमेरिकेच्या दक्षिणेकडचं चिकन डंपलिंग आम्ही गेल्या आठवड्यात केलं. अख्खी कोंबडी मंद आचेवर शिजवली, मांस सोडवलं, उरलेल्या पाण्यात गाजर, कांदा, सेलरी. वरून मैदा, लोणी, ताक, बेकिंग पावडरचे गोळे. ते वाफेवर फुगतात, १५ मिनिटं झाकण काढायचं नसतं. मी तीनदा काढलं. आतून कच्चे! तुमचे फसलेले प्रयोगही येऊ द्या.

अटलांटा
इथे यावरून दोन तट आहेत. आमच्या शेजारच्या आजी गोळेवाल्यांना नावं ठेवतात. त्या बेकिंग पावडर घालतच नाहीत. मैद्याची पोळी लाटून पट्ट्या कापतात आणि उकळत्या रश्श्यात सोडतात. पट्ट्यांना लागलेल्या मैद्यानेच रस्सा दाटतो. मी म्हटलं, अहो, या तर आमच्या चकोल्या! दुसऱ्या दिवशी चकोल्या करून वाटीभर नेऊन दिल्या. आवडीने खाल्ल्या, मग विचारलं, "यात कोंबडी कुठंय?"

नागपूर
आमच्याकडे वरणफळं. वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. कोंबडी नको, काही नको.

पुणे, एकटा राहतो
रात्रपाळी करून आलो, ताप होता. कुकरच्या वरणात सगळी फळं एकदम ओतली. दहा मिनिटांनी पातेल्यात एकच फळ! आईला फोटो पाठवला, लगेच फोन. "एकेक सोड म्हटलं होतं ना? आणि वरण पातळ केलंस का? फळं पाणी पितात रे." माझ्या तापाची चौकशी त्यानंतर. तो गोळा सुरीने कापून तूप घालून खाल्ला, चांगला लागला.

सातारा
कोंबडीच्या रश्श्यात चकोल्या मी करते. ब्रॉयलरच्या रश्श्याला दम नसतो, गावरान घ्या. शिजायला वेळ लागतो, पण पाण्याला चव तीच देते. खोबऱ्याचं वाटण निम्मंच घालते, कारण कणकेनं रस्सा आधीच दाटतो. सासूबाई म्हणतात, हे ना धड कालवण, ना धड चकोल्या. पण ताटलीत भाकरी न घेता हेच घेतात. उरलं तर सकाळी पिठल्यासारखं घट्ट होतं. गार पाणी ओतू नका, कढत घाला.

पुण्याच्या दादा, आता ताप कसाय?